नृत्य आणि कंपवात

इसवी सन १८१७ मध्यें लंडन शहराच्या हॉक्स्टन नांवाच्या भागांत वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यानें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या वेळीं त्याचें वय ६२ वर्षांचें होतें. पुस्तकाचा विषय होता अंगाला सुटणारा कंप, आणि त्याला आधार म्हणून ग्रंथकारानें अवघ्या ६ रोग्यांची हकीकत दिली होती. या सहा जणांपैकीं कांहीं त्याला रस्त्यांत भेटलेले होते. एकाला तर त्यानें केवळ दुरूनच पाहिलें होतें. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर उभारलेलें शास्त्र टिकावें, असें सहसा घडत नाहीं. परंतु पार्किन्सनची नजर तीक्ष्ण होती. हात विसांवलेला असतांनाच थरथरतो, धड पुढें झुकतें, आणि चालणारा माणूस मनांत नसतांना चालण्यावरून धांवण्यावर येतो, असें जें वर्णन त्यानें करून ठेविलें, तें दोन शतकें लोटलीं तरी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतें.

या रोगाचा शोध रस्त्यानें जाणाऱ्या माणसाच्या चालीवरून लागला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं पुणें शहरांत याच रोगानें गांठलेल्या स्त्रीपुरुषांसाठीं जो एक उपक्रम सुरू झाला, तोहि माणसाच्या चालीवरच आधारलेला होता. तो उपक्रम म्हणजे नृत्याचा वर्ग. वयाची साठी उलटलेल्या आणि आयुष्यांत कधीं पायांत घुंगरूं न बांधलेल्या माणसांना नाचावयास बोलवावें, हें ऐकणाऱ्याला प्रथम चमत्कारिक वाटतें. त्यामागें कोणता विचार आहे, तो कोठून आला, त्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें समजून घेण्यासाठीं दोन इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे लागतात. एक आहे रोगाचा आणि दुसरा आहे नृत्याचा.

पार्किन्सननें या रोगाला ‘कांपरा पक्षाघात’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांतील प्रख्यात वैद्य जाँ मार्तँ शार्को यानें तें नांव अयोग्य ठरविलें. रोग्याच्या स्नायूंतील बळ बराच काळ शाबूत असतें, तेव्हां याला पक्षाघात म्हणतां येत नाहीं. आणि प्रत्येक रोग्याला कंप सुटतोच असेंहि नाहीं, असें त्यानें दाखविलें व मूळ शोधकाचेंच नांव रोगाला द्यावें असें सुचविलें. तेंच पुढें रूढ झालें. शार्कोनें आणखी एक गोष्ट टिपून ठेविली. घोडागाडींतून किंवा आगगाडींतून लांबचा प्रवास केल्यावर आपल्याला बरें वाटतें, असें हे रोगी त्याला सांगत. त्यावरून त्यानें एक हलणारी खुर्ची तयार करविली आणि रोग्यांना तींत बसवून पाहिलें. खुर्चीचा हा उपचार कालांतरानें मागें पडला. तथापि बाहेरून मिळणारी गति या रोग्याला मानवते, ही कल्पना मात्र वैद्यकाच्या एका कोपऱ्यांत तेव्हांपासून शिल्लक राहिली.

भारतीय वैद्यकांत कंप हा वातव्याधींमध्यें मोडतो, आणि मराठींत या रोगाला कंपवात असेंच म्हणतात. त्याच्या आधुनिक इतिहासांत भारतांतील दोन वनस्पतींचा संबंध आला, तो मोठा मनोरंजक आहे. मेंदूच्या बुडाशीं असलेल्या काळसर पेशींचा एक पुंजका या रोग्यांत झिजलेला असतो, हें १९१९ मध्यें पॅरिसमध्यें त्रेत्याकॉफ या तरुण संशोधकानें आपल्या प्रबंधांत दाखविलें. त्या पेशी करतात काय, हें उमगण्यास आणखी चार दशकें जावीं लागलीं. १९५७ मध्यें स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं सशांना रेसर्पीन हें औषध दिलें. हें औषध सर्पगंधेच्या मुळांतून निघतें. तें दिल्यावर ससे निश्चल झाले. आणि नंतर त्यांना डोपा नांवाचें द्रव्य दिल्यावर ते पुन्हां हिंडूंफिरूं लागले. हालचालीची आज्ञा वाहून नेण्याचें काम डोपामीन या रसायनाकडे असतें, हें ज्ञान या प्रयोगांतून उदयास आलें, आणि त्याबद्दल कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९६० मध्यें व्हिएन्ना येथें मृत रोग्यांच्या मेंदूंत डोपामीन फार थोडें उरलें असल्याचें आढळलें. १९६७ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज कोत्झियास यांनीं डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना चालतें केलें. पुढें लेव्होडोपा या नांवानें जगभर पसरलेलें हें द्रव्य खाजकुइलीच्या बियांत असतें, असें दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनीं १९३७ मध्येंच दाखवून दिलें होतें. आयुर्वेदाला तीं बीजें कपिकच्छू या नांवानें पूर्वापार परिचित आहेत.

लेव्होडोपानें या रोग्यांचें आयुष्य पालटून टाकलें. तरीहि तें रोगाला मुळापासून नाहींसें करीत नाहीं. पेशींची झीज आंतल्या आंत चालूंच राहते. कांहीं वर्षांनीं एका गोळीचा अंमल लवकर उतरूं लागतो. कित्येकांच्या अंगाला नको त्या हालचाली सुटतात. तोल सांवरणें आणि वळणें अवघड होतें, चालतां चालतां पाय एकाएकीं जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि या अडचणींवर औषध नेहमींच पुरेसें पडतें असें नाहीं. जुन्या वाड्याचा उंबरठा ओलांडतांना, किंवा लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दींत मागून येणाऱ्या वाहनाला वाट देतांना अशा माणसाचे पाय थबकले, तर त्याच्यावर काय प्रसंग ओढवत असेल, याची कल्पना कोणालाहि करतां येईल. पडण्याचें भय एकदां मनांत शिरलें कीं माणूस बाहेर जाणें कमी करतो. बाहेर जाणें कमी झालें कीं शरीर आणखी आखडतें. आणि आखडलेलें शरीर पडण्याचें भय वाढवितें. हें चक्र औषधानें सहसा तुटत नाहीं.

परंतु याच ठिकाणीं या रोगांतील एक नवल पुढें येतें. सपाट जमिनीवर ज्याचें पाऊल उचलत नाहीं, तोच माणूस कित्येकदां जिना मात्र बिनचूक चढून जातो. फ्रान्समधील सूक् या वैद्यानें १९२१ मध्यें अशा विपरीत वाटणाऱ्या हालचालीला शास्त्रीय नांव दिलें. इंग्लंडमधील पर्डन मार्टिन यांनीं १९६७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें नोंदविलें कीं, जमिनीवर आडव्या रेघा ओढून ठेविल्या तर खिळलेले पाय एकेक रेघ ओलांडीत चालूं लागतात. न्यूयॉर्कमधील ऑलिव्हर सॅक्स यांनीं ‘अवेकनिंग्ज’ या १९७३ च्या पुस्तकांत ज्या रोग्यांची कहाणी सांगितली, ते पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या निद्रारोगाच्या साथींतून वांचलेले होते, आणि पुढें त्यांना कंपवातासारखेंच दुखणें जडलें होतें. वर्षानुवर्षें पुतळ्याप्रमाणें बसून असलेल्या या माणसांपैकीं कांहीं जण संगीत सुरू होतांच हालूं बोलूं लागत, आणि संगीत थांबलें कीं पुन्हां जागच्या जागीं थिजत.

याचा उलगडा शास्त्रज्ञ असा करतात. निरोगी माणसाला चालतांना प्रत्येक पावलाचा विचार करावा लागत नाहीं. मेंदूच्या खोल भागांतून आज्ञा आपोआप सुटतात आणि एका पावलापाठोपाठ दुसरें पाऊल पडत जातें. डोपामीन आटलें कीं हा आंतला ठेका चुकूं लागतो. परंतु पाऊल टाकविण्याचा तो एकच मार्ग मेंदूपाशीं नसतो. डोळ्यांना दिसणारी रेघ, कानांवर येणारा ठोका, मनांत आधीं योजून ठेविलेली हालचाल यांमधून निघणारी आज्ञा दुसऱ्या वाटेनें स्नायूंपर्यंत पोंचते, आणि ही दुसरी वाट या रोगांत पुष्कळशी मोकळी राहते. घरांतलें घड्याळ बंद पडलें तरी देवळांतली घंटा ऐकून दिनक्रम सांभाळतां यावा, तशांतलाच हा प्रकार आहे. घंटेनें घड्याळ दुरुस्त होत नाहीं. पण दिवसाचीं कामें वेळेवर होतात.

आतां बाहेरचा ठोका, डोळ्यांपुढची खूण आणि मनांत योजून केलेली हालचाल या तिन्ही गोष्टी जेथें एकत्र नांदतात, अशी कला कोणती, असें विचारल्यास नृत्याचें नांव आपसूक पुढें येतें. मात्र पुण्याच्या पांढरपेशा घरांत तें नांव सहजासहजीं उच्चारतां येण्यासारखें नव्हतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं कुलीन स्त्रीनें चारचौघांत गाणें म्हणणेंसुद्धां गैर समजलें जाई. नृत्याचा संबंध तर तमाशाच्या फडाशीं आणि कलावंतिणींच्या बैठकींशीं जोडलेला होता. म्हणून लयीवर हालणारें शरीर या समाजाला अपरिचित होतें, असें मात्र समजूं नये. मंगळागौरीच्या रात्रीं फुगड्या आणि झिम्मा रंगत. पालखीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्यांचें पाऊल टाळमृदंगाच्या ठेक्यावर पडे. तालमींतून आणि शाळांतून लेझीम खेळली जाई. आणि १९२४ मध्यें कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं पुण्यांत महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केल्यावर शरीरसंवर्धनाच्या कल्पनेला शहरांत अधिकच प्रतिष्ठा आली. या सगळ्यांना कोणी खेळ म्हणे, कोणी भक्ति म्हणे, कोणी व्यायाम म्हणे. नृत्य मात्र कोणी म्हणत नसे, आणि त्यामुळेंच तीं घरोघर मान्य होतीं.

ही अढी दूर होण्यास ज्या घटना कारण झाल्या, त्यांतील दोन पुण्याशीं निगडित आहेत. मादाम मेनका या नांवानें ख्यातनाम झालेल्या लीला सोखे यांनीं कथक नृत्य रंगभूमीवर आणलें आणि १९३६ मध्यें बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेंत आपल्या संचाला पारितोषिकें मिळवून दिलीं. १९४१ मध्यें त्यांनीं पुणें जिल्ह्यांतील खंडाळ्याला नृत्यालयम् ही शाळा काढली. त्यांचे पति साहिबसिंग सोखे हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. म्हणजे एकाच घरांत लशींचें शास्त्र आणि नृत्याची कला शेजारीं शेजारीं वास्तव्य करीत होतीं. मेनका १९४७ मध्यें निवर्तल्या. त्याच वर्षीं पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं नृत्यभारती ही संस्था स्थापन केली. २००८ मध्यें रोहिणीबाईंचें निधन झालें, तोंवर सहा दशकें त्यांनीं कथकाची साधना आणि अध्यापन केलें. ज्या घरांत नृत्याचें नांव काढण्याची चोरी होती, त्याच घरांतल्या मुली उजळ माथ्यानें नृत्य शिकूं लागल्या. शहराच्या मनावर झालेला हा संस्कार नसता, तर पुढची गोष्ट घडणें कठीण होतें.

कथकाच्या शिक्षणांतील एक विशेष येथें सांगितला पाहिजे. या नृत्याचा पाया म्हणजे तत्कार, अर्थात् तालाच्या मात्रांवर पाडलेलीं पावलें. तीनतालाच्या १६ मात्रा चार चारच्या विभागांत वांटलेल्या असतात. विद्यार्थी त्या हातानें ताळी देऊन मोजतो, आणि कितीहि फिरून आला तरी समेवर येऊन थांबतो. पायानें जें करावयाचें, त्याचे बोल तो आधीं तोंडानें म्हणतो, आणि याला पढंत म्हणतात. म्हणजे पाऊल उचलण्यापूर्वीं तें कानाला ऐकूं आलेलें असतें, जिभेवर येऊन गेलेलें असतें आणि मनांत ठरलेलें असतें. निरोगी नर्तकाला ही शिस्त सौंदर्यासाठीं लागते. ज्याचा आंतला ठेका हरवला आहे, त्याला नेमकी हीच शिस्त चालण्यासाठीं लागते. या दोन गोष्टींचा सांधा जुळावयास मात्र एकविसावें शतक उजाडावें लागलें.

नृत्याचा रुग्णसेवेंत पद्धतशीर उपयोग प्रथम मनोरुग्णांच्या बाबतींत झाला. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयांत नर्तकी मॅरियन चेस यांनीं १९४२ पासून हें काम आरंभिलें. ज्यांची वाचा बंद झाली होती अशा रोग्यांसमोर उभें राहून त्या त्यांच्याच हालचालींना आपल्या हालचालींनीं उत्तर देत, आणि त्या वाटेनें संवादाचा धागा जुळवीत. १९६६ मध्यें अमेरिकेंत नृत्योपचारकांचा संघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या पहिल्या अध्यक्षपदीं चेस यांचीच निवड झाली. कंपवाताच्या रोग्यांकडे नृत्य वळलें तें २००१ मध्यें, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत. तेथें पार्किन्सनच्या रोग्यांचा एक गट ऑली वेस्टहायमर या बाई चालवीत असत. त्यांनीं मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेकडे जाऊन एक साधी मागणी केली: या माणसांना उपचार नको, खराखुरा नृत्याचा वर्ग हवा. त्यांचें म्हणणें असें कीं, अवघड हालचाल मनाच्या बळावर कशी साधावी, तोल कसा राखावा, हें नर्तकाइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतें. तेव्हां रोग्यानें तें नर्तकाकडूनच शिकावें. वर्ग खुर्च्यांवर बसून सुरू होई, मग आधार धरून उभें राहणें, आणि शेवटीं खोलीभर चालणें. त्यांत सामील होणारा माणूस दाराबाहेर रोगी असे आणि आंत आल्यावर विद्यार्थी होई.

याच सुमारास महाराष्ट्रांतहि या रोग्यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. मुंबईंत डॉ. सिंघल यांच्या पुढाकारानें २००१ मध्यें पार्किन्सनच्या रोग्यांसाठीं एक संस्था स्थापन झाली. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ उभें राहिलें. या मंडळाचा एक लहानसा परिपाठ फार बोलका आहे. तेथें रोग्याला रोगी म्हणत नाहींत, शुभार्थी म्हणतात. आणि त्याची काळजी वाहणाऱ्या पत्नीला, पतीला, मुलाला किंवा सुनेला शुभंकर म्हणतात. शब्द पालटल्यानें दुखणें पालटत नाहीं, हें मंडळाच्या लोकांनाहि समजतें. परंतु चार लोकांत चहाची कपबशी हातांत घेतल्यावर ती वाजूं लागेल, म्हणून जो माणूस लग्नकार्याला जाणें टाळतो, त्याला आपल्यासारख्याच पन्नास जणांच्या कपबशा वाजत असलेल्या सभेंत बसण्याचा संकोच वाटत नाहीं, हा या मंडळाचा मोठा उपकार आहे. पार्किन्सनचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि मंडळहि त्या निमित्तानें मेळावा भरवितें.

या मंडळांतील शुभार्थींसाठीं २०१० च्या सुमारास पुण्यांत नृत्याचा वर्ग सुरू झाला, तो हृषीकेश पवार यांच्या पुढाकारानें. पवार यांनीं आधीं कथकाचें शिक्षण घेतलें होतें आणि पुढें जर्मनींत ड्रेस्डेन येथें, ग्रेट पालुका यांनीं १९२५ मध्यें स्थापिलेल्या नृत्यविद्यालयांत, आधुनिक नृत्याचा अभ्यास केला होता. मात्रांत बांधलेलें भारतीय पाऊल आणि शरीराच्या मोकळ्या हालचालीवर भर देणारी युरोपीय पद्धति, अशा दोन्ही परंपरा त्यांच्यापाशीं होत्या. कंपवाताच्या रोग्याला या दोहोंचीहि गरज असते: पहिलीनें पावलाला आधार मिळतो, दुसरीनें आखडलेलें अंग सैल होतें. वर्ग पुढें वर्षानुवर्षें चालूं राहिला, आणि पुण्यांत नृत्योपचार हा शब्द सुशिक्षित घरांतून ऐकूं येऊं लागला.

अशा वर्गाच्या दाराशीं येणाऱ्या माणसाला दोन लाजा ओलांडाव्या लागतात. पहिली आजाराची. ज्याचें अक्षर एके काळीं मोत्यासारखें होतें त्याची सही आतां बँकेंत जुळत नाहीं. ज्याच्या आवाजाला कचेरींत वचक होता त्याचें बोलणें शेजाऱ्यालाहि ऐकूं जात नाहीं. चेहऱ्यावरचे स्नायु आखडल्यामुळें तो हंसला तरी घरच्यांना तें कळत नाहीं, आणि त्यांना वाटतें कीं हा रुसला आहे. दुसरी लाज नृत्याची. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या तपासलेल्या किंवा वर्गांत गणित शिकविलेल्या माणसानें सत्तराव्या वर्षीं हात उंचावून नाचावें, आणि तें बायकोच्या व सुनेच्या देखत, ही कल्पना पुण्याच्या जुन्या वळणाच्या माणसाला सहज पेलणारी नव्हे. परंतु या दोन लाजा एकाच खोलींत समोरासमोर आल्या कीं एकमेकींना निष्प्रभ करतात. जेथें सर्वांचेच हात थरथरतात तेथें कंपाची लाज उरत नाहीं. आणि जेथें नृत्याची परीक्षा कोणी घेत नाहीं तेथें चुकण्याची लाज उरत नाहीं. शुभंकरालाहि याचा लाभ होतो. दिवसभर औषधाच्या वेळा सांभाळणारी पत्नी तास दीड तास पतीची परिचारिका नसते. ती त्याच्या शेजारीं उभी राहून तोच ठेका धरते.

आतां एवढ्यावरून शास्त्राचें समाधान होत नाहीं, आणि होऊंहि नये. माणसांना बरें वाटतें हें एक, आणि त्यांचें शरीर खरोखर सुधारतें हें दुसरें. याची मोजदाद करण्याचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेंत सेंट लुइस येथें मॅडलिन हॅकनी व गॅमन अर्हार्ट यांनीं केलेल्या आणि २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत कंपवाताच्या १९ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. एका गटानें अर्जेंटिनांतील टँगो नृत्याचे २० पाठ घेतले, दुसऱ्यानें तितकेच व्यायामाचे. तोल सांभाळण्याच्या कसोटींत टँगोच्या गटानें प्रगति दाखविली. कॅनडांत टोरोंटो येथील यॉर्क विद्यापीठांत करोलीना बेअर्स व जोसेफ डिसूझा यांनीं आठवड्याला एकदां नृत्य करणाऱ्या १६ रोग्यांची ३ वर्षें पाहणी केली आणि नृत्य न करणाऱ्या तितक्याच रोग्यांशीं त्यांची तुलना केली. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, नाचणाऱ्यांच्या हालचालींतील बिघाड या अवधींत मंद गतीनें वाढला.

हे निष्कर्ष आशादायक आहेत. परंतु त्यांची मर्यादा झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. रोग्यांची संख्या थोडी आहे. टोरोंटोचे रोगी स्वतःहून नृत्याकडे वळलेले होते; म्हणजे मुळांतच ज्यांची उमेद अधिक, प्रकृति बरी, घरचें पाठबळ चांगलें, असे लोक नाचणाऱ्यांत जास्त असण्याचा संभव आहे. नृत्यानें झिजलेल्या पेशी परत उगवतात, असें कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. म्हणून नृत्य सुरू केलें आणि गोळ्या सोडल्या, असा अविचार कोणी करूं नये. उलट, गोळीचा अंमल चढलेला असेल त्या वेळींच वर्गाला जाणें श्रेयस्कर असतें. उभें राहतांना रक्तदाब उतरून घेरी येणें, तोल जाऊन हाड मोडणें, हे धोके या रोगांत नेहमींचे आहेत. तेव्हां वैद्याचा सल्ला घेणें, जवळ भक्कम खुर्ची किंवा हात धरणारा सोबती ठेवणें, फरशी निसरडी नसणें आणि प्रसंगीं बसूनच नृत्य करणें, हीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. शिक्षकालाहि केवळ नृत्य येऊन भागत नाहीं. कोणाला कोठें थांबवावें, हें त्याला कळावें लागतें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, बाहेरचा ठोकाच हवा असेल तर घरीं एक तबल्याचें यंत्र लावून चालावें. त्यासाठीं नृत्य कशाला? नुसत्या ठोक्यावर चालण्याचा सराव अनेक रोगी करतात आणि त्याचा उपयोगहि होतो. पण नृत्यांत ठोक्याबरोबर आणखी कांहीं गोष्टी येतात. पुढें काय करावयाचें तें आठवावें लागतें, त्यामुळें बुद्धीला काम मिळतें. मागें पाऊल टाकणें, गिरकीसाठीं वळणें, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणें, या ज्या हालचालींत रोगी पडतो, त्याच हालचाली येथें निर्भय वातावरणांत पुन्हां पुन्हां केल्या जातात. शिवाय रोज एकट्यानें करावयाचा व्यायाम चार दिवसांत सुटतो. ज्या ठिकाणीं आपली कोणी वाट पाहत आहे तेथें जाणें सहसा सुटत नाहीं. वर्षानुवर्षें चालणाऱ्या दुखण्यांत, जें केलें जातें तेंच उपयोगी पडतें.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत नाट्याचें जें प्रयोजन सांगितलें, त्यांत दुःखानें, श्रमानें आणि शोकानें गांजलेल्या माणसांना विश्रांति मिळावी, असा हेतु नमूद आहे. त्यांनीं रोगमुक्तीचें वचन दिलें नाहीं; विश्रांति हाच शब्द योजिला. पुण्यांतील नृत्यवर्गाचें मोलहि याच शब्दानें बरोबर सांगतां येतें. पार्किन्सननें दोनशें वर्षांपूर्वीं लंडनच्या रस्त्यावर ज्या माणसांची चाल न्याहाळली, त्यांना देण्यासारखें त्याच्यापाशीं फारसें कांहीं नव्हतें. त्यांच्यासारख्याच माणसाला आज गोळी मिळते, तिची मात्रा ठरवून देणारा वैद्य मिळतो, आणि पुण्यासारख्या शहरांत आठवड्याचे कांहीं तास अशी एक खोली मिळते कीं जेथें तबल्याचा ठेका सुरू झाला म्हणजे थबकलेलें पाऊल उचलतें. खोलीबाहेर पडल्यावर रोग तसाच असतो. परंतु तें पाऊल अजून उचलतां येतें, हें त्या माणसाला ठाऊक झालेलें असतें, आणि घरचा जिना चढतांना तो मनांतल्या मनांत मात्रा मोजूं लागतो.